पाच दिवसांची मुदतवाढ

दहा ऑक्टोबर ही तारीख आम्हाला त्रेचाळीस दिवस आधी कळली.

अठ्ठावीस ऑगस्टच्या सकाळी डॉ. शबाना मुजावरांच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. माझी धाकटी बहीण केतकी, तिचा नवरा संग्राम आणि मी. केतकीला त्या दिवशी एकोणीस आठवडे पूर्ण झाले होते. आमच्या या बाईसाहेब कवठेमहांकाळकडची एक जमीन मोजून थेट दवाखान्यात आल्या होत्या, बुटांना चिखल तसाच. ती भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक आहे. दोन भावांच्या मध्ये उभं राहून हद्द इथूनच जाते असं ठणकावून सांगायचं, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे आवाज मोठा आणि माघार घ्यायची सवय नाही.

मुजावर मॅडमनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर दोन रेषा होत्या. निळी रेषा बाळाची. ते ज्या दिवशी जन्मेल त्या दिवशी त्याच्या जगण्याची शक्यता किती, हे ती दाखवत होती, आणि ती हळूहळू वर चढत होती. तांबडी रेषा केतकीची. गर्भ पोटात ठेवून ती किती सुरक्षित राहील ते त्यात दिसत होतं. तांबडी बराच वेळ सपाट होती आणि मग एका जागी पायरी चुकल्यासारखी खाली आली होती.

"ही इथं का पडतीय?" केतकीनं विचारलं.

"तिथे तुझा रक्तदाब आवाक्याबाहेर जाईल," मॅडम म्हणाल्या. त्या कधी गोड करून सांगत नाहीत. "त्याआधी दहा-बारा दिवस चढायला लागेल. मग मूत्रपिंड, यकृत, मेंदू यांच्यावर ताण. दहा ऑक्टोबरला आपल्याला बाळ बाहेर काढावं लागेल."

"दहा ऑक्टोबरला किती आठवडे होतात?"

"पंचवीस आणि एक दिवस."

संग्राम बोटांवर मोजत होता. मोजून झाल्यावर तो म्हणाला, "चुकत असंल की मॅडम. यंत्रच आहे शेवटी."

"चुकतं की. एखाद-दुसरा दिवस इकडे तिकडे."

केतकीनं दंडावरची चकती चाचपून पाहिली. एरवी ती तिथे आहे हे ती विसरूनही जायची.

त्या चकतीचं नाव वेध. ती काय करते हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, कारण मी याच वंध्यत्व-उपचार केंद्रात भ्रूणतज्ज्ञ आहे. केतकीचा गर्भ मीच काचेच्या बशीत पाच दिवस वाढवला, मीच गोठवला आणि मीच वितळवला. वेधच्या मागच्या बाजूला केसाहून बारीक सुया असतात. गर्भाला पोसणारी वार आपल्या पेशींमधल्या संदेशांचे तुकडे सतत आईच्या रक्तात सांडत असते, आणि त्या सुया ते तुकडे वाचतात. वारेची मुळं आईच्या रक्तवाहिन्यांत नीट शिरली नसतील, तिथल्या वाहिन्या पुरेशा रुंद झाल्या नसतील, तर ती तक्रार अठराव्या-एकोणिसाव्या आठवड्यातच त्या तुकड्यांत दिसू लागते. तेव्हा रक्तदाब अगदी उत्तम असतो. मग यंत्र आधीच्या अकरा लाख गर्भारपणांशी ती तक्रार ताडून बघतं आणि तारीख सांगतं. उपचार घेऊन दिवस राहिलेल्या प्रत्येक बाईनं बाराव्या आठवड्यापासून वेध लावलाच पाहिजे, असा कायदा होऊन सहा वर्षं झाली. आई आणि बाळ दोघं सुरक्षित राहावीत म्हणून आम्हीच, म्हणजे या धंद्यातल्या लोकांनीच, तो मागून घेतला होता.

पूर्वी हा आजार न सांगता यायचा. बाई सकाळी भाकऱ्या थापायची आणि दुपारी झटके देत दवाखान्यात यायची. आता सहा आठवडे आधी कळतं. पण उपाय मात्र माझ्या आजीच्या काळी होता तोच आहे, वार बाहेर काढणं. म्हणजे बाळ बाहेर काढणं. बाकी ॲस्पिरिनची छोटी गोळी केतकीला बाराव्या आठवड्यापासून चालूच होती. जिला ती लागू पडते तिला पडते.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर केतकीनं माझा हात धरला.

"ताई, असं झालंच का पण? मला बीपी नाही, साखर नाही. आपलं अख्खं माहेर धडधाकट. आजी ऐंशीव्या वर्षी जिने चढायची."

"होतं गं कधी कधी," मी म्हणाले. "कारण सापडतंच असं नाही."

कारण मला माहीत होतं. मी तिच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलले.

आता खरं काय ते सांगते. आमच्या केंद्रात अक्षय्य तृतीयेला गर्भरोपण करून घ्यायला झुंबड उडते. लग्नाचे हॉल जसे आधीपासून अडकलेले असतात तशी आमची टेबलं अडकलेली असतात. त्या दिवशी रुजलेलं क्षय पावत नाही म्हणे. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या बायका येऊन मला हळूच विचारतात, तृतीयेला काही जमेल का मॅडम? यादी माझ्या हातात असते. मी स्वतः पंचांग बघत नाही. माझ्या लॅबमध्ये इनक्युबेटरचं तापमान सोडून कुठल्या गोष्टीला मान नाही, असं मी नव्या मुलींना ऐटीत सांगत असते. पण दरवर्षी ती यादी करताना मला थोडं मोठं झाल्यासारखं वाटतं, हेही खोटं नाही.

गोठवलेला गर्भ आत सोडायचे दोन मार्ग आहेत. एकात बाईच्या शरीराच्या मागून जायचं. तिचं बीज आपोआप पिकून बाहेर पडतं, त्यानंतर पाच दिवसांनी गर्भ सोडायचा. दिवस शरीर ठरवतं. रविवार आला तर रविवार, अमावास्या आली तर अमावास्या. दुसऱ्या मार्गात गोळ्या देऊन बीजकोश झोपवून ठेवायचा, गर्भाशयाचं अस्तर बाहेरून संप्रेरकं देऊन तयार करायचं आणि आपल्याला हवा तो दिवस धरायचा. गर्भ दोन्हींत सारखाच रुजतो. लॅबला दुसरा मार्ग सोयीचा, कारण सुट्ट्या मोडाव्या लागत नाहीत.

फरक आहे तो वेगळीकडेच. पहिल्या मार्गात बीज बाहेर पडल्यावर त्याचं रिकामं घर मागे उरतं, त्याला पीतपिंड म्हणतात. वाटाण्याहून थोडा मोठा पिवळा गोळा. बरीच वर्षं आम्हाला वाटायचं, तो गर्भ टिकवणारं एक संप्रेरक देतो, ते तर आपण बाहेरूनही देतो, मग तो नसला तर काय बिघडलं? पुढे लक्षात आलं की तो आणखीही काही द्रव्यं सोडतो. ती आईच्या हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना सांगतात, सैल व्हा, जागा करा, आता दोघांचं रक्त वाहायचंय. या द्रव्यांची गोळी अजून कुणी केलेली नाही. गोळ्यांच्या मार्गात पीतपिंड तयारच होत नाही, आणि त्या बायकांना रक्तदाबाचा हा आजार जास्त वेळा होतो. यावर मी पुण्याच्या एका परिषदेत वीस मिनिटं बोलले होते. लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या.

केतकीच्या कागदावर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, नैसर्गिक चक्र. तिची पाळी घड्याळासारखी, तेव्हा दुसऱ्या मार्गाची गरजच नव्हती. पण हिशेबानं तिचा दिवस तृतीयेनंतर तिसऱ्या दिवशी येत होता. एप्रिलमध्ये तिच्या सासूबाईंचा मला फोन आला.

"हर्षदा, माझी जबरदस्ती नाही हं अजिबात. पण तुझ्याच हातात आहे म्हणून म्हटलं. दोनदा वाया गेलं ना गं पोरीचं."

लग्नाला आठ वर्षं, दोन वेळा अपयश. बहिणीच्या सासरी आपला शब्द चालतो हे दाखवायची संधी मी सोडणार होते थोडीच! मॅडम दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये चहा पीत होत्या, तिथे त्यांना गाठलं. म्हटलं, "केतकीला तृतीयेला घेऊ या का? गोळ्यांवर." त्यांनी विचारलं, "बीपी वगैरे काही नाही ना? मग चालेल." एवढंच. चहा संपायच्या आत झालं. केतकीला मी फोन करून सांगितलं, तुझा नंबर तृतीयेला लावलाय, सासूबाईंना सांग. ती हसली आणि म्हणाली, "वशिला असावा तर असा." कागदावर नेमकं काय बदललं, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तृतीयेच्या दिवशी सासूबाईंनी लॅबमध्ये डबाभर आमरस पाठवला. आम्ही सगळ्यांनी तो बोटं चाटून खाल्ला.

सप्टेंबर महिना आमच्याकडे विचित्र गेला. वेधचे आकडे घरच्यांच्या फोनवर येतात, हीही कायद्यानं दिलेली सोय. संग्राम मोठ्या मनाचा माणूस, द्राक्षांच्या शीतगृहात व्यवस्थापक आहे. तो पूर्वी घरी आला की आधी केतकीच्या पोटाला कान लावायचा. आता तो आधी फोन बघायचा.

"सपाट आहे आज," म्हणायचा.

"मी पण आहे इथं," केतकी म्हणायची. "मला विचार की कशी आहेस म्हणून."

सासूबाईंनी डोहाळजेवणाची हिरवी साडी आणून ठेवली होती. सातवा महिना लागणारच नव्हता. मग ती साडी कुठल्या महिन्यात नेसवायची, यावर त्या एकदा मला बाजूला घेऊन बोलायला लागल्या आणि मध्येच रडायला लागल्या. मी त्यांचा हात थोपटला. दुसरं काय करणार होते?

केतकी मात्र रडत नव्हती. ती पोटातल्या बाळाला पाव्हणं म्हणायची. पाव्हणं आज लाथा झाडतंय, पाव्हण्याला कैरीचं लोणचं हवंय. शेतकऱ्यांशी ती हद्दीवरून जशी हुज्जत घालते तशी तिनं त्या दोन रेषांशी घालायला सुरुवात केली. कायद्याची प्रत तिनं माझ्याकडून मागवून शेवटपर्यंत वाचली आणि त्यातली एक तरतूद बरोबर शोधून काढली. यंत्रानं दिलेल्या दिवशी प्रसूती करायची, पण आईची इच्छा असेल तर तिला मुदतवाढ घेता येते. जास्तीत जास्त पाच दिवस. रोज सकाळी आठला नवी सही करायची, आणि सही फक्त आईची. नवरा, सासर, माहेर, डॉक्टर, कुणालाही त्यात बोलायचा हक्क नाही. बायकांच्या पोटाचे निर्णय दुसरेच घेतात, म्हणून मुद्दाम तसं लिहिलं होतं.

"एका दिवसानं पाव्हण्याला काय मिळतं?" तिनं मला विचारलं.

"शंभरात तीन. म्हणजे शंभर बाळांमागे तीन जास्त जगतात. फुप्फुसं थोडी पिकतात."

"आणि माझं काय जातं?"

आकडे मला पाठ होते. मोठा झटका किंवा मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोका पहिल्या दिवशी शंभरात दोन, मग चार, मग नऊ, चौथ्या दिवशी अठरा, पाचव्या दिवशी पस्तीस. ते आकडे तिनं मोजणीच्या वहीत पेन्सिलीनं लिहून घेतले आणि खाली रेघ मारली.

"पहिले दोन दिवस तर फुकटच आहेत की," ती म्हणाली.

एकोणतीस सप्टेंबरला तिचा रक्तदाब चढायला लागला, यंत्रानं सांगितला होता तसाच. एक ऑक्टोबरला तिला दाखल केलं. पाय सुजले, चेहरा सुजला, बोटातली अंगठी साबण लावून काढावी लागली. डोकं ठणकायचं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. मी दिवसातून चार वेळा तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधून खाली तिच्याकडे यायचे, उशी नीट करायचे, वॉर्डातल्या नर्स मुलींना ओरडायचे, परत वर जायचे. वर दुसऱ्या बायकांचे गर्भ असायचे. ते मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे, नोंदवायचे. हात अजिबात थरथरत नव्हते. याची मला लाज वाटायची.

नऊ तारखेला दुपारी मॅडमनी उद्याची वेळ सांगितली, सकाळी अकरा. त्या गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच राहिलो. केतकी डाव्या कुशीवर पडून होती.

"ताई," ती म्हणाली, "मी सही करायची ठरवली होती. पण आता डोकं चालत नाही माझं. तू सांग. तू काढ म्हणालीस तर उद्या काढू."

एवढंच म्हणायचं होतं. काढ. एक शब्द. आयुष्यात मी पुष्कळ वेळा त्या दुपारकडे परत गेले आहे आणि प्रत्येक वेळी तो एक शब्द बोलून गप्प बसले आहे. पण त्या दिवशी मला वाटलं, एवढा मोठा सल्ला द्यायचा तर पोटात खोटं ठेवून देऊ नये. तिनं मला जन्मभर खरं मानलं, तर आज तरी मी खरी असावी. यात माझं स्वतःचं ओझं उतरवायची घाई किती होती, ते देवाला ठाऊक.

"केतकी, आधी एक ऐक," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. सासूबाईंचा फोन, चहाच्या वेळी मॅडमना विचारलेलं, पीतपिंड, पुण्याचं भाषणसुद्धा.

ती उठून बसली. तिनं प्रश्न विचारले ते अगदी पंचनाम्यासारखे.

"कागदावर आधी काय होतं?"

"नैसर्गिक."

"कुणी बदललं?"

"मी विचारलं. मॅडमनी बदललं."

"मला विचारलं?"

"नाही."

"धोका वाढतो हे तुला माहीत होतं?"

"हो. पण मुळात धोका इतका लहान..."

"ते नको सांगू." ती खिडकीकडे वळली. मग म्हणाली, "आणि आता तुझं काय म्हणणं? काढायचं?"

"हो. उद्याच. अकराला. केतकी, तुझ्यासाठी सांगते मी."

"तेव्हा पण माझ्यासाठीच केलं होतंस की."

ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं बेल दाबली, सिस्टर रूथ आल्या, तर त्यांना म्हणाली, "उद्या सकाळी सहीचं तेवढं आणा. आणि ताईला सांगा, मला आता झोपायचंय." मी तिथेच उभी होते, दोन हातांवर. मला तिनं स्वतः सांगितलं नाही.

दहा तारखेला तिनं पहिली सही केली. अकरा तारखेला दुसरी. त्या दोन दिवसांत मी सगळ्यांचे पाय धरले. मॅडम म्हणाल्या, "हर्षदा, मी तिला तीनदा सांगितलं. कायदा तिच्या बाजूचा आहे. तो असा असावा म्हणून तू आणि मी मुंबईला खेटे घातलेत." त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. चहाचा तो कप त्यांनाही आठवत असणार.

संग्रामला मी व्हरांड्यात गाठलं.

"तू नवरा आहेस तिचा. काहीतरी बोल."

"बोललो ताई. रडलो पण." त्याचे डोळे सुजले होते. "ती म्हणती, एकदा तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं ठरवलंत, मला न विचारता. आता मी ठरवते. यावर काय बोलू? तुम्ही सांगा, काय बोलू?"

सासूबाई बाकावर बसून होत्या. केतकीनं त्यांनाही सांगितलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझ्याच जिभेला हाड नाही गं." मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. फोन त्यांनी केला होता, पण पीतपिंड काय असतो ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

बारा तारखेला तिसरी सही. मी दाराच्या काचेतून बघितलं. केतकी पोटावर हात ठेवून काहीतरी पुटपुटत होती, बहुतेक पाव्हण्याशी. मला आत जायची परवानगी नव्हती. ज्या दवाखान्याच्या प्रत्येक दाराला माझा अंगठा चालतो, तिथे एका साध्या खोलीचं दार मला बंद होतं.

तेरा तारखेला सकाळी आठला तिनं चौथी सही केली. नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मी एका गर्भाच्या पेशी मोजत होते, तेव्हा खिशातला फोन थरथरला. तांबडी रेषा सरळ खाली गेली होती. मी जिन्यावरून धावत उतरले. पोचले तेव्हा तिला झटका येऊन गेला होता आणि खाट शस्त्रक्रियेच्या दालनाकडे ढकलत नेत होते. खाटेबरोबर संग्राम पळत होता, एका पायात चप्पल नव्हती.

दहा मिनिटांत मुलगी झाली. सहाशे नव्वद ग्रॅम. ती रडली नाही, पण तिनं हात हलवला. तिला वरच्या मजल्यावरच्या नवजात अतिदक्षता विभागात नेलं. मॅडम बाहेर आल्या त्या भिंतीला टेकूनच उभ्या राहिल्या. केतकीच्या मेंदूत डाव्या बाजूला रक्तस्राव झाला होता. मेंदूचे डॉक्टर आले, दुपारपर्यंत शस्त्रक्रिया चालली. संध्याकाळी आम्हाला सांगितलं, जिवंत आहे, बाकी जागी झाल्यावर कळेल.

तिसऱ्या दिवशी सिस्टर रूथ मला शोधत लॅबमध्ये आल्या. मिरजेच्या आहेत, तीस वर्षं या कामात.

"मॅडम, पेशंटला दूध आलंय," त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"बेशुद्ध आहे म्हणून काय झालं? अंग आपलं काम करतंच की. बाळाच्या डॉक्टरांनी औषधं तपासली, चालतंय म्हणाले. एवढ्याशा बाळाला त्यासारखं दुसरं औषध नाही. पण दर तीन तासांनी कुणीतरी काढायला पाहिजे. आम्हाला पुरं पडत नाही."

सासूबाईंचे हात कापत होते. संग्राम वर बाळापाशी बसून होता. तोच म्हणाला, "ताई, तुम्ही करा."

सिस्टरनी मला शिकवलं. हात कोमट पाण्यात धरून गरम करायचे, ओला गरम कपडा ठेवायचा, अंगठा आणि बोट मागे दाबून हळू पुढे आणायचं. पहिल्या वेळी चार थेंब आले, दाट पिवळे. ते मी पिचकारीत ओढून घेतले आणि वर नेले. तिथे नळीतून ते बाळाच्या पोटात गेले. मी काचेला चिकटून उभी राहिले आणि तोंडावर ओढणी दाबून रडले. आमची सगळी विद्या, सगळी यंत्रं, आणि इथं कुणी न सांगता, कुणी तारीख न देता केतकीचं शरीर लेकीसाठी दूध करत होतं. त्याच शरीराला मी गोळ्या देऊन गप्प बसवलं होतं. मला स्वतःची किळस आली.

आठ दिवस मी हे केलं. चार थेंबांचे दोन मिली झाले, दोनाचे पाच. बाळाचं वजन आधी घटलं, मग सातशे दहा झालं. मी दूध काढताना केतकीशी बोलायचे. सगळं सांगायचे, वजन, रंग, नाक संग्रामसारखं असल्याचं. कधी माफीही मागायचे. ती डोळे मिटून पडलेली असायची, डोक्याला पट्टी बांधलेली. तिच्या अंगाला हात लावायला मिळतोय, एवढ्यावर मी जगत होते.

चोवीस तारखेला सकाळी तिनं डोळे उघडले. मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, वाचा गेली होती. "समजतं मात्र त्यांना," ते म्हणाले. "बरंचसं समजतंय." संग्राम तिच्या कानाशी वाकून म्हणाला, मुलगी झाली, छान आहे, जगतीय. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यानं तिला फोनवर बाळ दाखवलं, तेव्हा डावा हात उचलून तिनं काचेवर बोट ठेवलं.

मग बारा वाजले. दुधाची वेळ. संग्राम बाहेर गेला. मी हात गरम केले, पडदा ओढला, तिच्या बाजूला स्टुलावर बसले. "केतकी, मी आहे," म्हटलं. "बाळासाठी घेते हं." तिच्या अंगाला हात लावला. तिचा डावा हात हळूहळू चादरीवरून सरकत वर आला आणि त्यानं माझं मनगट बाजूला सारलं.

मला वाटलं, दुखलं असेल. मी हात पुन्हा पाण्यात धरला आणि आणखी हलका लावला. तिनं पुन्हा सारला. या वेळी ती माझ्याकडे बघत होती.

"लागलं असंल," सिस्टर रूथ मागून म्हणाल्या. "द्या इकडं, मी बघते."

मी उठले. त्या बसल्या. त्यांचे हात माझ्यापेक्षा खरखरीत होते, आणि त्यांनी ते गरमही केले नव्हते. केतकी शांत पडून राहिली. तिचा डावा हात चादरीवर नुसता पडून होता. सहा मिली निघालं, आतापर्यंतचं सगळ्यात जास्त.

सिस्टरना वॉर्ड सोडून जाता येत नव्हतं. त्यांनी पिचकारी माझ्या हातात दिली. केतकीनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. वर बाळाची वेळ होऊन गेली होती, म्हणून मी दूध घेऊन जिना चढले.